तेहतीस मायक्रॉन

"फोटो देते की. पण आधी हे वाच," धुमाळबाई म्हणाल्या आणि मायक्रोस्कोपसमोरचं स्टूल त्यांनी पायानंच माझ्याकडे सरकवलं.

"बाई, आत्ता नको हो. तीनला मीटिंग आहे. मला फक्त कोटिंग उडालेल्या जागेचा फोटो द्या, मी पळते."

"आत्ता सव्वानऊ झालेत. बस."

धुमाळबाई बस म्हणाल्या की माणूस बसायचा. प्लांटचे मुख्य असलेले कर्णिकसाहेबसुद्धा त्यांच्या लॅबमध्ये मुकाट बसत, तिथे माझी काय कथा! मी बसले, पण चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव ठेवून. सव्वीस वर्षांची होते, एम.टेक. होते, आणि आपल्याला बरंच कळतं असा माझा ठाम समज होता.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या डिसेंबरातली. साताऱ्याच्या एमआयडीसीत डिझेल इंजिनांचे इंधनपंप बनवणारा आमचा कारखाना होता. त्या पंपात अंगठ्याच्या पेराएवढा एक पोलादी रोलर असतो. कॅम म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेलं चाक; त्याचा उंचवटा फिरता फिरता त्या रोलरला मिनिटाला हजार वेळा दाबतो. रोलर झिजू नये म्हणून आमच्या डिझाइनवाल्यांनी त्याच्यावर सोनेरी रंगाचं एक अतिशय कडक कोटिंग द्यायचं ठरवलं. जाडी तीन मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या विसाव्या हिश्शाएवढी. मिरजेचे दस्तगीर मुजावर ते कोटिंग आम्हाला करून देत. चाचणीच्या यंत्रावर रोलर शंभर तास फिरले आणि कोटिंगचे सोनेरी पापुद्रे सुटायला लागले. दोष कुणाचा, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पोलादावर भार दिला की ते दबतं आणि भार काढला की पुन्हा पहिल्यासारखं होतं. पण एका मर्यादेपलीकडे दाबलं तर दबलेलं ते दबलेलंच राहतं, खळगा कायमचा पडतो. वर कडक कोटिंग आणि खाली पोलाद असं दुहेरी प्रकरण असलं, की आत नेमकं काय चाललंय ते वरून दिसत नाही. ते गणितानं दाखवायचं, ही माझी विद्या. मी संगणकात त्या रोलरचे बारा हजार तुकडे पाडले होते. वरच्या तुकड्यांना कोटिंगचे गुण दिले, खालच्यांना पोलादाचे, आणि कॅमचा भार चढवला. पोलाद किती कडक आहे, हा आकडा लॅबच्याच कागदावरून घेतला होता. उत्तर स्वच्छ आलं. पोलाद मर्यादेत राहतंय, खळगा पडत नाही, कोटिंगवरचा ताणही सोसण्याजोगा आहे. तरीही कोटिंग निघालं, याचा अर्थ ते धड चिकटलंच नव्हतं. दोष मुजावरांचा.

हे वाक्य अहवालात टाइप करताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. तीनच्या मीटिंगमध्ये मुजावरांचं नाव काळ्या यादीत जाणार होतं. हा माणूस तंत्रनिकेतनातली मास्तरकी सोडून या धंद्यात पडलेला. मिरजेत त्यांची एकच भट्टी होती. आमच्यासारख्या कारखान्यानं 'यांचं कोटिंग चिकटत नाही' असं एकदा लिहिलं, की कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत कुणी त्यांच्या दाराशी फिरकलं नसतं. मला हे माहीत होतं. पण माझं प्रोबेशन संपायला आठ दिवस उरले होते आणि हा माझा पहिला मोठा अहवाल होता, हे मला त्याहून जास्त माहीत होतं.

"काय वाचू?" मी विचारलं.

"रोलर कापलाय. कोटिंगच्या खाली हिऱ्याचं टोक दाबून तीन ठसे घेतलेत. त्यांचे कर्ण मोज आणि चिठ्ठीवर लिही."

"रोलर कापलात? बाई, चाचणीतला तो शेवटचा रोलर होता!"

"मग काय त्याला ओवाळायचं होतं? पोट फाडल्याशिवाय पोटातलं कळतं होय कुणाला?"

प्रमिला धुमाळ एकोणतीस वर्षांपूर्वी मॅट्रिक होऊन या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला लागल्या होत्या. भांडी धुता धुता त्यांनी नमुना कापायला, काळ्या बेकेलाइटच्या वडीत बसवायला, आरशासारखा घासायला शिकून घेतलं. आता पुढच्या महिन्याअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्या कामात त्यांचा हात धरेल असं माणूस आख्ख्या सातारा जिल्ह्यात नव्हतं. त्यांच्या लॅबची एक रीत होती. कुठलाही आकडा एका माणसाच्या डोळ्यांवर रजिस्टरात जायचा नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचं, आणि दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच शाईनं नोंद. दुसरा डोळा शक्यतो ज्याचं काम त्याचा. वरच्या मजल्यावरचे आम्ही संगणकवाले या रीतीची चेष्टा करायचो. चिठ्ठ्या उघडायच्या म्हणजे बाईंची भिशीच, असं मीच एकदा म्हणाले होते.

"माझी चिठ्ठी झालीये," टेबलावरच्या घडी घातलेल्या कागदाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "तुझी राहिलीये."

मी भिंगाला डोळा लावला. कापलेल्या रोलरचं पोट राखाडी दिसत होतं. त्याच्या वरच्या कडेला कोटिंगची बारीक सोनेरी रेघ. रेघेच्या खाली, एकाखाली एक, तीन छोटे चौकोनी ठसे होते. ठसा जितका मोठा तितकं पोलाद मऊ, एवढं साधं ते तत्त्व. मला आलेल्या कागदाप्रमाणे कर्ण सत्तावीस मायक्रॉनच्या आसपास भरायला हवा होता. मी रेघा जुळवल्या. तेहतीस आले.

पुन्हा जुळवल्या. तेहतीस. खालचा ठसा घेतला, तोही तेहतीस. अगदी आतला घेतला. तेहतीसच.

"बाई, हा दुसऱ्याच पोलादाचा रोलर दिसतोय."

"नंबर बघ वडीवर. तुझ्याच रोलरचा आहे."

"मग भिंगाचं काहीतरी बिघडलंय."

"सकाळीच प्रमाणाच्या ठोकळ्यावर तपासलंय. लिही चिठ्ठी."

मी लिहिली. त्यांनी आपली उलगडली. तेहतीस, तेहतीस, तेहतीस. त्यांनी कपाटावरची तक्त्याची वही काढून माझ्यापुढे टाकली. सत्तावीसला कडकपणा साडेसातशे. तेहतीसला पाचशे दहा.

एक तृतीयांश कडकपणा गेला कुठे?

"आता जरा डावीकडे सरक," बाई म्हणाल्या. "कॅम जिथं दाबतो तिथं ये. काय दिसतंय?"

मी नमुना सरकवला. सोनेरी रेघ सरळ जाता जाता खाली वाकली होती. पोलादात उथळ खळगा पडला होता आणि खळग्याच्या तळाशीसुद्धा कोटिंग घट्ट धरून बसलं होतं. तुटलं होतं ते फक्त खळग्याच्या काठावर, जिथे त्याला वाकावं लागलं होतं.

"चिकटलंय," मी म्हणाले.

"असं चिकटलंय की नखानं निघायचं न्हाई. खालची भर चोपलेली नसली तर वरची फरशी फुटते. फरशी बसवणाऱ्यानं काय करावं?"

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मुजावरांच्या माहितीपत्रकात एक ओळ होती आणि ती मी स्वतःच माझ्या अहवालात उतरवली होती: भट्टीचं तापमान साडेचारशे अंश. आमचं पोलाद दीडशे-पावणेदोनशे अंशांपर्यंतच आपला कडकपणा राखणारं. त्याच्यावर गेलं की ते मऊ पडतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला येतं. डिझाइनवाल्यांनी ड्रॉइंगवर ते पोलाद आणि ते कोटिंग शेजारीशेजारी लिहून टाकलं, मुजावरांनी ड्रॉइंगबरहुकूम काम केलं, आणि मी शहाणीनं कडकपणाचा जो आकडा उचलला तो रोलर मिरजेला जाण्याआधीचा होता. कागदावर वर तारीख होती. मी ती बघितलीच नाही. बारा हजार तुकड्यांना मी एकेक करून खोटं पोलाद वाटलं होतं.

"माझं चुकलंय, बाई."

"मग वर जा आणि नीट कर," त्या म्हणाल्या. "ते तुझं यंत्र काय म्हणतंय बघ की. मला त्यातलं कळत न्हाई, पण बघावंसं वाटतंय खरं."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. नवा आकडा घातला आणि संगणक चालू केला. त्या काळी हे गणित सुटायला साडेचार तास लागायचे. मी तोवर डबासुद्धा उघडला नाही. सव्वादोनला पडद्यावर चित्र आलं. या खेपेला पोलाद मर्यादा ओलांडत होतं, कोटिंगच्या खाली खळगा पडत होता, आणि कोटिंगवरचा ताण काठाशी भडकत होता, मध्यापासून बरोबर चार दशांश मिलिमीटरवर. मी खाली फोन लावला.

"बाई, ती भेग मध्यापासून किती लांब आहे?"

दोन मिनिटं फोनमध्ये नुसती खुडबुड ऐकू आली.

"पॉइंट एक्केचाळीस. का गं?"

एकीकडे आपण तोंडावर आपटलोय याची लाज, आणि एकीकडे असा आनंद, की जे मी कधीच डोळ्यांनी पाहिलं नव्हतं ते माझ्या गणितानं अचूक सांगितलं होतं. त्याला फक्त खरा आकडा हवा होता. तो खालच्या मजल्यावरच्या एका मॅट्रिक झालेल्या बाईकडे होता.

कागद घेऊन मी माझे वरिष्ठ डॉक्टर पाटणकर यांच्या खोलीत गेले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं, चष्मा काढला, पुसला.

"सुंदर काम आहे, शलाका. पण अहवाल माझ्या सहीनं परवाच पुण्याच्या मुख्य कचेरीत गेलाय."

"तो मागे घ्यावा लागेल, सर."

"आज? मीटिंगला वीस मिनिटं असताना?" ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, तुझं कन्फर्मेशन पुढच्या शुक्रवारी आहे. आज तू गप्प राहा. दोन महिन्यांनी आपण हे 'पुढील अभ्यास' म्हणून पाठवू. पोलाद बदलू. रोलर सुधारेल. सगळं होईल."

"आणि मुजावर?"

"त्यांना दुसरं काम मिळेल. हुशार माणूस आहे."

मी खोलीबाहेर आले. खरं सांगायचं तर तेव्हा माझा काहीच निश्चय झालेला नव्हता. बोलेन की गप्प बसेन, हे मला मीटिंगच्या दारापर्यंत माहीत नव्हतं. दारापाशी धुमाळबाई उभ्या होत्या. त्यांना मीटिंगला बोलावलेलं नव्हतं. पांढरा ॲप्रन घातलेला, हात खिशात.

"तुम्ही कशा काय इथे?" मी विचारलं.

"आले आपली. लागलं काही तर असावं म्हणून."

मी आत गेले.

टेबलाच्या एका टोकाला कर्णिकसाहेब होते. त्यांच्या उजव्या हाताला पाटणकर आणि खरेदी विभागाचे एक गृहस्थ. समोर, एकटे, दस्तगीर मुजावर. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढ्यात एक फाइल आणि फाइलवर दोन्ही हात. माझा अहवाल त्यांना वाचायला दिला होता.

"मुजावर, तुम्हाला यावर काही म्हणायचंय?" कर्णिकसाहेबांनी विचारलं.

"साहेब, मी ड्रॉइंगबरहुकूम केलंय. साफसफाई, तापमान, वेळ, सगळ्याची नोंद आहे माझ्याकडं." त्यांनी फाइल जराशी पुढे सरकवली, कुणी घेतली नाही. "पण म्याडमच्या गणितासमोर मी काय बोलणार? मी पोरांना शिकवायचो तवा मीच सांगायचो, की गणित खोटं बोलत नाही."

कर्णिकसाहेबांनी पेन उघडलं. पाटणकर खिडकीबाहेर बघत होते.

"सर, गणित चुकलंय," मी म्हणाले. "म्हणजे गणित बरोबर होतं, मी त्यात घातलेला आकडा चुकीचा होता. माझी चूक आहे. यांचं कोटिंग उत्तम चिकटलंय."

एकदा तोंड उघडल्यावर सगळं भडाभडा बाहेर आलं. तारीख न बघता उचललेला आकडा, साडेचारशे अंश, मऊ पडलेलं पोलाद, काठावरची भेग, चार दशांश मिलिमीटर. कर्णिकसाहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"हा नवा आकडा कुणी मोजला?" त्यांनी विचारलं.

"धुमाळबाईंनी आणि मी. वेगवेगळा. बाई बाहेरच उभ्या आहेत."

"बोलवा."

बाई आत आल्या. कर्णिकसाहेबांनी विचारलं, "बाई, खात्री आहे?"

"माझ्या खात्रीचं सोडा, साहेब. खाली चला आणि स्वतः मोजा. मी आकडा सांगणार न्हाई."

आणि खरोखर साहेब उठले. एवढा मोठा माणूस कोट काढून त्या स्टुलावर बसला, एक डोळा मिटून रेघा जुळवत राहिला. मुजावर लॅबच्या दाराशीच थांबले होते. त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं.

"तेहतीस," साहेब म्हणाले. मग त्यांनी खळगा पाहिला, वाकलेली सोनेरी रेघ पाहिली, आणि वर न बघताच म्हणाले, "मुजावर, या, तुम्हीही बघा. तुमचंच काम आहे."

मुजावर बसले. भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी मला हात जोडले, आणि ते हात खाली करायला लावताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहवाल मागे गेला. पोलाद बदलायचं ठरलं आणि काम मुजावरांकडेच राहिलं. पाटणकर तडक वर निघून गेले. कर्णिकसाहेब जाता जाता म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी भेटा. चुकीबद्दल तुम्हाला मेमो मिळेल. आणि कन्फर्मेशनही." मला तेव्हा, कबूल करते, स्वतःचा चांगलाच अभिमान वाटायला लागला होता. नोकरी पणाला लावून खरं बोललेली मुलगी म्हणून मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते.

सगळे गेल्यावर लॅबमध्ये आम्ही दोघीच उरलो. बाई ॲप्रन काढत होत्या.

"बाई, तुम्ही तुमची चिठ्ठी कधी लिहिली होतीत?"

"मंगळवारी."

आज गुरुवार होता.

"दोन दिवस तुम्हाला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंत?"

"काल दोनदा वर फोन केला. वेळ न्हाई म्हणालीस." ते खरंच होतं. "आणि नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर तू मानलं नसतंस. भिंगाला नावं ठेवली असतीस. आजसुद्धा ठेवलीसच की."

"पण मी आज फोटो न्यायला आलेच नसते तर? किंवा तिथे आत गप्प बसले असते तर? मुजावरांचं काय झालं असतं?"

बाईंनी ॲप्रन खुंटीला अडकवता अडकवता त्याच्या खिशातून एक लिफाफा काढला. क्षणभर घोटाळल्या आणि मग माझ्या हातात दिला. वर कर्णिकसाहेबांचं नाव होतं. तारीख बुधवारची.

आतलं पत्र त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं. रोलरचा कडकपणा कोटिंगनंतर पाचशे दहा भरतो, श्री. मुजावर यांच्या कामात दोष नाही, हे सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. आणि खाली दोन ओळी होत्या: कोटिंगआधीचा आकडा पुढे पाठवला गेला आणि कोटिंगनंतर पुन्हा मोजला गेला नाही, ही चूक लॅबची आहे. संगणक विभागाचा यात दोष नाही. खाली सही, प्रमिला धुमाळ.

निवृत्तीला सहा आठवडे राहिलेले. एकोणतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक डाग नव्हता, हे सगळा कारखाना जाणून होता.

"हे खोटं आहे, बाई," मी कशीबशी म्हणाले. "तुम्ही तारीख घातली होतीत कागदावर. मी बघितली नाही."

"खोटं कशानं? कोटिंग झाल्यावर पुन्हा मोजावं, हे मला सुचाय नको होतं? एवढी वर्षं काय भांडीच धुतली मी?"

"आणि मी आत बोलले नसते, तर हे तुम्ही दिलं असतंत?"

"त्यासाठीच तर उभी होते दाराशी."

"मग माझं काय झालं असतं?"

"तुझं काय व्हायचंय? झाली असतीस की कन्फर्म." त्यांनी माझ्या हातातून पत्र काढून घेतलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "मेमोबिगर."

"आणि मला हे कधी कळलंसुद्धा नसतं?"

"कशाला कळायला पाहिजे?" बाई म्हणाल्या, आणि मला रडू फुटलेलं बघून मायक्रोस्कोपवर फडकं घालायला वळल्या.